माहेरी जायाचा फासा

अकोला, महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थरूप माणिकबाईच्या पायावर धाकट्या जमुनाचं डोकं ठेवलेलं आहे असं समजावं. खरोखर वाकली असती, पण गुडघे मधात येतात, म्हणून कागदावरच वाकली. बाई, तब्येत कशी आहे? जेवण जाते का, झोप लागते का, सकाळच्या उन्हात बसते का, कवळी पाण्याच्या वाटीतच ठेवते ना, मागच्या बारीसारखी साखरेच्या डब्यात नाही, हे सारं कळवाचं. माझं बरं आहे. बी.पी.ची गोळी चालू आहे, तिखट बंद आहे, म्हणजे किशोर घरी असला तं बंद आहे.

हे पत्र तुले रागिणी वाचून दाखवून राहिली. रागिणी म्हणजे तुझी सून, गोपालची बायको. गोपाल म्हणजे तुझा एकुलता एक लेक. अन् मी जमुना, तुझी लहान बहीण, अकोल्याले दिली ती. फोन असताना पत्र काहून, असं आमच्या किशोरनं, माझ्या लेकानं, विचारलं. मी म्हटलं, बापा, फोनवर बोललेलं तिकडे पोचलं की सरते, अन् बाई मोबाइलच्या मागं हात घालून पाहते की बोलणारं माणूस कुठं बसलं. पत्राचं तसं नाही. तू विसरली की रागिणी पुन्हा वाचंल, अन् दर बारीले तुले ते नवंच राहीन. आमाले शिळं, तुले रोज ताजं.

आता एक नियम सांगते, तो रागिणीसाठी आहे. आमच्या आचलनं मले कंस शिकवला. आचल म्हणजे किशोरची पोरगी, शेतकीच्या कॉलेजात आहे. मी चौथीपर्यंत शिकली, पण कंस काही मास्तरनं शिकवला नव्हता, नाही तं शिकवला त्या दिवशी मी पऱ्हाटीचा कापूस वेचाले गेली असंन. दोन अर्धे चंद्र असतात, समोरासमोर तोंड करून, सवतीसारखे. त्यांच्या मधात जे लिहिलं ते हळू आवाजातलं. तं रागिणी, चंद्राबाहेरचं मोठ्यानं वाचाचं अन् चंद्रातलं मनात. चुकू नको बेटा.

(पहिलं हळू आवाजातलं हे. तू फोनवर रडली ते मी कोणाले सांगितलं नाही. गोपालनं म्हाताऱ्या लोकांची ती जागा पाहून ठेवली, दसरा झाला की बाईले तिथं ठेवाचं, हे समजलं. मी तुमाले बोल लावत नाही. तुमी दोघंही नोकरीवाले. गेटाले कुलूप लावून जावं तं बाई गेट हलवत बसते, न लावावं तं स्टँडवर सापडते. कोणी विचारलं की सांगते, माहेरी चालली. मागच्या महिन्यात परतवाड्याच्या गाडीत बसली होती, कंडक्टर भला होता म्हणून उतरवली. हे सारं मले मालूम आहे. तरी पत्र पुरं वाच.)

तं बाई, गोठ अशी आहे, की मी म्हातारपणी खेळाले लागली. आचल अन् तिच्या कॉलेजातले दोघं, ललित अन् प्रियदर्शनी, सख्खे बहीण-भाऊ आहेत, आमच्या गल्लीच्या टोकाले राहतात, हे तिघं दर रविवारी आमच्या समोरच्या खोलीत बसतात. पहिले मले वाटलं अभ्यास करून राहिले, कारण कागद-पेन्सिली होत्या अन् तोंडं उतरलेली होती. पण तो खेळ निघाला. त्यात पत्ते नाही, पळापळ नाही. सोंग घ्याचं, पण कपडे आपलेच, तोंडाले रंग नाही. बसल्या जागी म्हणाचं की मी चोर आहे, मी राजाची पोरगी आहे, अन् आता मी भिंतीवर चढून राहिली. चढता येईन का पडंन, हे फासा टाकून ठरते. अन् एक जण खेळ चालवणारा असते, ती ही प्रियदर्शनी. तिले आपलं सोंग नाही, पण बाकीचं सारं तीच. भिंत तीच, कुत्रं तीच, पाऊस तीच, गावचा सरपंच तीच. मी म्हटलं, बेटा, हे तं घरातल्या बाईचंच काम झालं, साऱ्यांचं सारं पाहाचं अन् आपलं नाव कुठंच नाही.

पण सोंग घ्याले दुनिया लागते. नवी दुनिया उभी कराची तं विहीर कुठं आहे, बाजार कोणत्या वारी भरते, राजा कोणावर रुसला, हे सारं सुरुवातीपासून सांगा लागते अन् त्यातच रविवार सरते. म्हणून हे लोक कोणी दुसऱ्यानं उभी केलेली दुनिया घेतात, पुस्तकातली नाही तं सिनेमातली. तयार चूल असते, आपण फक्त तवा ठेवाचा. आता कोणती घ्याची, यावर त्यांचं जे भांडण चालू झालं ते मी तुरीची डाळ निवडता निवडता ऐकत होती. माय व, इतकं भांडण तं आपल्या काकांचं शेताच्या धुऱ्यावरून झालं नव्हतं.

ललितनं एका इंग्रजी पुस्तकाची दुनिया आणली. तिथं बर्फ आहे, पंखवाले अजगर आहेत, अन् एक मोठा वीर आहे. ललितनं त्याचे सारे भाग वाचलेले. राजाच्या घोड्याच्या मायचं नाव त्याले पाठ, अन् परीक्षेतलं मात्र काही पाठ नाही, असं त्याची बहीणच सांगते. आचल म्हणे, मी डाव्या हातानं जाते. ललित म्हणे, तिकडे समुद्र आहे. आचल म्हणे, मंग उजव्या. तं म्हणे, उजवीकडे कोणी जात नाही, तसं तिसऱ्या भागात लिहिलं आहे. पोरगी जागच्या जागी उभी, पाय टाकाची सोय नाही. मले माझ्या लग्नाचं पहिलं साल आठवलं. अन् तो मोठा वीर. त्यानं सारं आधीच करून ठेवलेलं, अजगर मारला, राज्य वाचवलं, त्याचं लग्नही लागलं. मंग आपण तिथं जाऊन काय कराचं, मांडवातल्या अक्षता झाडाच्या? आचल म्हणे, देवाधर्माची एखादी गोष्ट घेऊ. त्यावर प्रियदर्शनी म्हणे, फासा उलटा पडला अन् देवच हरला, तं संध्याकाळी कोणाच्या घरून काय निरोप येईन सांगता येत नाही. शहाणी पोरगी आहे. मी तिथून म्हटलं, मंग माझी आठ वाजताची मालिका घ्या. तं हसले. हसाचं काय त्याच्यात? त्या घरातली एक-एक खोली मले मालूम आहे, जहराची बाटली कोणत्या कपाटात आहे ते मालूम आहे, अन् मोठा वीर कोणीच नाही, सारेच रिकामे आहेत.

हसून झाल्यावर प्रियदर्शनीनं मले नीट विचारलं, की आजी, तुमाले पुरी मालूम आहे, पण जिच्यात पुढं काय होईन ते कोणी लिहून ठेवलं नाही, अशी एखादी दुनिया आहे का. मी डाळीतला खडा बोटात धरून भल्ला विचार केला अन् म्हटलं, भुलाबाईचं सासर.

तुले हे सांगा लागत नाही बाई, पण त्या पोरीले सांगा लागलं, कारण तिच्या घरी भुलाबाई बसत नाही. की भादव्याच्या पुनवेले भुलाबाई माहेरी येते अन् कोजागिरीपर्यंत राहते. गल्लीतल्या पोरी रोज एकेकीच्या घरी जमून गाणी म्हणतात, अन् गाणी झाली की झाकलेला डबा कानाशी वाजवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखा लागते. अन् आपली गाणी कितीही म्हटली तरी त्यात दुनिया एकच. सासू, सासरा, दीर, नणंद, विहीर, जातं, अन् मधात एक सून, तिले माहेरी जायाचं आहे अन् कोणी लवकर हो म्हणत नाही. तयार चूल. बायांनीच बांधलेली, तिचं पुस्तक नाही, तिसरा भाग नाही, अन् ललितले त्यातलं काडीचं मालूम नाही. आचल म्हणे, आजी, हीच घेऊ. मले इतका आनंद झाला की बोटातला खडा डाळीतच गेला. तो मंग रात्री किशोरच्या दाताखाली निघाला.

मले सासू केलं. आचल सून, ललित सासरा. फासा साधा सहा ठिपक्यांचा ठेवला, कारण त्यांचा इंग्रजी फासा कवठाएवढा अन् वीस बाजूचा, त्यावरचं मले वाचताच येत नाही. नियम असा, की सुनेनं परवानगी मागाची, मंग तिनं अन् समोरच्यानं फासा टाकाचा, जिचा मोठा तिची चालली. पहिल्याच डावाले आचल मले म्हणे, आत्याबाई, मी माहेरी जाऊ का. मी म्हटलं, थांब, विचारून सांगते, अन् उठून किशोरले विचाराले गेली. तो क्रिकेट पाहून राहिला होता, तो म्हणे, जा. मी येऊन सांगितलं की जा म्हणते. पोरं जमिनीवर लोळून हसली. मंग मले समजलं की इथं मीच सासू आहे, विचाराले वर कोणी नाही. बाई, साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा वर कोणी नव्हतं, अन् मले काय हुकूम द्यावा तेच सुचलं नाही. प्रियदर्शनीचं वेगळंच. ती म्हणे, हिले परवानगी लागतेच काहून? पायात चप्पल घालावी, स्टँडवर जावं, तिकीट काढावं. मी म्हटलं, बेटा, तसं केलं असतं तं आमाले गाणी कुठून आली असती?

दुसऱ्या रविवारी सासरा मेला. ललितचा फासा एकवर पडला अन् त्याले कडब्याच्या गंजीत साप चावला. खेळातलाच, पण त्यानं मरताना पाणी मागितलं ते इतकं खरं मागितलं, की मी उठून खरंच पाणी आणलं. आता मी सासू, म्हणजे सासरा माझा नवरा, तं माझं काय झालं ते समजून घे. मी देवाले हात लावला नाही, रात्री गोड केलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची वर्षाली आमच्या सुनेले हळदीकुंकवाले बोलवाले आली, तं माझ्या तोंडून निघून गेलं की आमाले सुतक आहे. ती बिचारी डोळ्याले पदर लावून गेली. संध्याकाळी अर्धी गल्ली दारात. किशोर हाफ पॅन्टीवर बाहेर आला तं लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. कोण गेलं, कोण गेलं, तं मी आतून म्हटलं, सासरा. माझा सासरा जाऊन तं कितीक साल झाले, मले सूनही आली नव्हती तवा. त्या दिवसापासून किशोरनं मले खेळाच्या खोलीत जाताना चष्मा लावून जात जा असं सांगितलं, म्हणजे काय होईन ते त्यालेच मालूम. पुढच्या रविवारी ललित सासऱ्याचा भाऊ होऊन आला. चेहरा तोच, खोड्या त्याच.

अन् आता तू आली त्या रविवारची गोठ.

तू त्या दिवशी लुगडं नेसून, केस विंचरून, गेटाशी तयार बसली होती. मांडीवर गठुडं होतं. रागिणीनं फोन लावला, त्यात चित्र दिसते तो, अन् आचलनं तो फोन खिरापतीच्या डब्याले टेकवून आमच्या मधात उभा केला, जसं पाचवं माणूस बसलं.

(गठुड्यात काय होतं ते तू मले मंग सांगितलं. टीव्हीचा रिमोट, एक पेला, गोपालचं लहानपणचं झबलं, अन् अर्धी भाकर. माहेरी जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत, हे ती विसरली नाही, फक्त काय न्याचं ते विसरली. तू फोन यासाठी लावला होता की मावशी, तुमीच समजवा, अन् तुझा आवाज पुरा बसलेला होता. मी समजवणार होती. बाई, आई-बाबा गेले, भाऊ गेला, तेल्हाऱ्याचं माहेरचं घर विकलं, तिथं आता बी-बियाण्याचं दुकान आहे, हे मी आधीही कितीक बारी समजवलं आहे. अन् दर बारीले ती नव्यानं रडते, जशी मयत आजच झाली. मले त्या दिवशी पुन्हा तिची आई माराची हिंमत झाली नाही.)

तं खेळ चालूच होता. ललित दाढीवर हात फिरवून आचलले म्हणून राहिला होता, की माहेराचं नाव काढू नको, पऱ्हाटी वेचाची राहिली. अन् फोनमधून तू बोलली. तू म्हणली, मामंजी, पऱ्हाटी वेचून झाली, वाती करून झाल्या, आता जाऊ द्या. असा आवाज, बाई, खाली मान घातलेला, पण आतून घट्ट. आचलनं आपली ‘सून’ लिहिलेली चिठ्ठी काढून फोनसमोर ठेवली, म्हणजे आता सून तू. ललितनं तुझ्याकडे पाहून फासा टाकला, सहा. तुझ्याकडून आचलनं टाकला, दोन. पुन्हा मागितलं, पुन्हा ललितचे सहा. मंग दीर झाला तो, तरी सहा. तू फोनमध्ये तोंड घालून म्हणली, ए पोट्ट्या, तो फासा उलटून दाखव.

उलटला तं साऱ्या बाजूले सहा-सहाच ठिपके. लेकाच्यानं घरी बसून सागाच्या लाकडाचा तासला होता, अन् साप चावून मेला त्याचा वचपा त्याच्यावर काढून राहिला होता. त्याची सख्खी बहीण खेळ चालवते, तिले समजलं नाही. कॉलेजवाली आचल, तिले समजलं नाही. तुले अमरावतीत बसून समजलं. मी म्हटलंच पोरांले, आमची बाई चौपटीच्या डावात कोणाच्या बापाले ऐकत नव्हती. तो फासा आचलनं जप्त करून टेबलाच्या खणात टाकला अन् ललितले पुढच्या डावाले गावची म्हैस केलं.

मंग साध्या फाश्यावर तू एकेकाची परवानगी काढली. घाई नाही, रडणं नाही. सासू म्हणून मी तुले म्हटलं, आधी दळण कर. तू म्हणली, केलं. डबा वाजवून दाखवला, तं तू कान देऊन म्हणली, मुरमुरे आहेत, पण दाणे करपवले तुमी. खरंच करपले होते, मालिका चालू होती. साऱ्यांनी हो म्हटलं, तू निघाली, प्रियदर्शनीनं तुले बैलगाडी दिली, नदी दिली, रस्त्यात एक रसवंती दिली, अन् गाडी माहेरच्या दाराशी उभी राहिली. अन् तिथं ती पोरगी थांबली. कारण आपण म्हणत होतो त्या गाण्यांत सून निघते, पण पोचल्यावर काय, ते आपल्या गल्लीत कोणी म्हटलंच नाही. तयार दुनिया तिथं सरते. प्रियदर्शनीनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. मंग तिनं तुलेच विचारलं, आजी, दार कोण उघडते?

तू म्हणली, जमुना उघडते. लहान आहे ती, कडीले हात पुरत नाही, पाटावर चढून उघडते.

(अन् मंग फोनमध्ये माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, तुमी कोण व बाई? मी म्हटलं, शेजारची. तं म्हणे, मंग जमुना आली की सांगजा तिले, बाई निघाली म्हणून. मी म्हटलं, सांगते. आचल उठून आत गेली. ललित म्हैस होता, तो तसाच हातावर-गुडघ्यावर राहिला, त्याले वर पाहता येईना.)

त्याच्यापुढं तं तू आमाले अख्खं घर फिरवलं. मी म्हटलं परसात निंब होता, तू म्हणली परसात नाही, अंगणात, अन् त्याले झोका होता, अन् झोक्याची एक दोरी सुताची, एक तागाची, म्हणून तो तिरपा जात होता. बरोबर आहे, बाई. मी विसरली होती. आठवण माझी चांगली आहे असं डॉक्टर म्हणते, पण तिरपा झोका तुझ्याजवळच निघाला. रांजणावरची जर्मनची ताटली, आईच्या हाताचा अंबाडीचा वास, बाबा चौकातून खाकरत येत, म्हणजे आपण दोघी पुस्तक उघडत होतो, सारं तू सांगितलं अन् पोरांनी लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं. प्रियदर्शनी म्हणे, अशी तयार दुनिया कोणत्याच पुस्तकात नाही. ललित म्हणे, हिच्यात कोणी उजवीकडे जाऊ नको म्हणत नाही. मले वाटलं, माझ्या बहिणीनं पहिला नंबर काढला.

(त्या संध्याकाळी बाई गेटाशी गेली नाही, असं तूच सांगितलं. गठुडं आपल्या हातानं सोडलं अन् रिमोट जागेवर ठेवला. म्हणे, आत्ताच तं जाऊन आली. रागिणी, मी अडाणी आहे, मले त्या बिमारीचं नाव घेता येत नाही अन् ती बरी होत नाही हेही मले मालूम आहे. पण मी इतकं पाहिलं, की त्या खेळात तिले कोणी आठव-आठव म्हटलं नाही. तिथं साऱ्यांलेच सांगा लागते की तू कोण, कुठं राहते, तुझ्या घरी कोण कोण. ललितलेही दर बारीले विचारा लागते. तिथं ती आमच्यासारखीच होती. आमच्याहून दोन पायऱ्या वरच.

अन् माझ्या मतलबाचंही सांगते. त्या घरात राहिलेल्या आता आम्ही दोघीच उरलो. ती गेली कुठं दूर, जिथं तिले कोणी काही विचारणार नाही, तं मी एकटीनं तो निंब किती दिवस उभा ठेवू? अंगणात का परसात, ते सांगणारं मले कोणी राहणार नाही.)

असो. बाकी इकडे ठीक आहे. पऱ्हाटीले बोंडं बरी आहेत म्हणतात, आचल शेतात जाऊन पानं मोजून येते, अन् त्याले अभ्यास म्हणतात. किशोर उद्या कामानं अमरावतीले येऊन राहिला, पत्र त्याच्याच हातानं पाठवते, सोबत डबा आहे. डबा उघडाच्या आधी वाजवून पाहजो, बाई. या बारीले दाणे करपले नाही. पुनवेले भुलाबाई माहेरी येईन. मी कोनाडा सारवून ठेवला आहे, पाटही धुवून ठेवला. पाट तिच्यासाठी, मले आता चढा लागत नाही, कडीले माझा हात पुरते.

तुझी लहान बहीण,
जमुना

ता.क. (हे चंद्रातलं गोपालले वाचून दाखवजो, पण फक्त हेच. गोपाल, मावशीचा आशीर्वाद. मी तुले सांगणारी कोण, माय तुझी आहे अन् निस्तरून तुमी राहिले. मी रडणार नाही अन् भांडणारही नाही. फक्त पुनवेपासून कोजागिरीपर्यंत तिले माझ्याकडे पाठव, किशोरच्याच गाडीत. समोरची खोली तिची, गेटाले आचलनं घंटी बांधली, किशोर दाराशी बाज टाकून झोपीन असं त्याले न विचारता ठरवलं आहे. तुले पटत नसंल तं एक काम कर. डब्यात खिरापतीखाली, फडक्यात बांधून एक फासा ठेवला आहे. देवाचं नाव घेऊन एकदा टाक. सहा पडले तं पाठवाचं, दुसरं काही पडलं तं मी पुन्हा शब्द काढणार नाही, तू जे ठरवलं ते ठरवलं. मी जबानीची पक्की आहे, साऱ्या तेल्हाऱ्याले मालूम आहे.)

आणखी ता.क. (मी कोजागिरीपर्यंत म्हटलं, ते कोजागिरीपर्यंतच. त्याच्यापुढं पुन्हा फासा टाकता येईन. तोच फासा वापराचा, फासा बदलला तं डाव मोडते. अन् टाकाच्या आधी गोपालले तो उलटा-सुलटा करून पाहू देऊ नको, तशानं फाश्याचं पाणी उतरते.)

शेवटचं ता.क. (रागिणी बेटा, इकडे सकाळपासून गोंधळ आहे. टेबलाच्या खणातला ललितचा तो सागाचा फासा सापडत नाही. आचलनं खण उपसला, ललितची झडती घेतली, तो बिचारा रडकुंडीले आला, म्हणे या बारीले मी काही केलं नाही. मले विचारलं, तं मी म्हटलं, मले काय मालूम बापा. तुलेही काही मालूम नाही.)